माइन प्रूफ गाडी खरंच ‘प्रूफ’ असते का? गडचिरोलीपासून युक्रेनपर्यंत चिलखती गाड्यांचं गणित

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात, दादापूरला, नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली होती. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाची गाडी दुपारी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात उडाली. १५ पोलीस आणि गाडीचा चालक, असे १६ जण गेले. गाडी कुठली होती? साधी, खासगी.

त्या दिवशी फेसबुक-ट्विटरवर एकच प्रश्न फिरत होता. जवानांना माइन प्रूफ गाडी का दिली नाही? अडीच महिन्यांपूर्वी, १४ फेब्रुवारीला पुलवामात सीआरपीएफची बस स्फोटकांनी भरलेल्या कारने उडवली आणि ४० जवान शहीद झाले, तेव्हाही लोक हेच विचारत होते.

प्रश्न रास्तच आहे. साध्या पत्र्याच्या गाडीपेक्षा चिलखती गाडी कधीही बरी. पण ती मिळाली की माणूस वाचतोच, असं जे आपण धरून चालतो, तिथे गडबड आहे. सरकारी कागदांत या गाडीला एमपीव्ही म्हणतात, म्हणजे ‘माइन प्रोटेक्टेड व्हेइकल’. प्रोटेक्टेड म्हणजे संरक्षण दिलेली. ‘प्रूफ’ हा शब्द बोलण्यात, बातम्यांत आणि व्हॉट्सॲपवर आला. या दोन शब्दांमधल्या फरकाने बरेच जीव घेतलेत.

ही गाडी आली कुठून?

आफ्रिकेतून. १९७० च्या दशकात ऱ्होडेशिया (आताचा झिम्बाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची राजवट होती आणि तिच्याविरुद्ध गनिमी युद्ध पेटलं होतं. कच्च्या रस्त्यांवर रणगाडाविरोधी सुरुंग पेरले जायचे. सुरुवातीला लँड रोव्हरच्या तळाशी वाळूची पोती टाकून बघितली. टायरमध्ये हवेबरोबर पाणी भरलं, म्हणजे स्फोटाची थोडी ताकद पाण्यात जिरेल. मग ‘लेपर्ड’ नावाची एक विचित्र दिसणारी गाडी आली. तिला फोक्सवॅगनचं इंजिन होतं आणि माणसं बसायची ती पेटी जमिनीपासून उंच, खाली निमुळती होत गेलेली.

हाच धागा पुढे नेत दक्षिण आफ्रिकेने ‘हिप्पो’, ‘बफेल’ आणि १९८० च्या आसपास ‘कॅस्पिर’ बनवली. कॅस्पिर हे नाव तिथल्या पोलीस दलाच्या आणि सीएसआयआर या संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांची उलटापालट करून तयार झालंय. आज जगात जेवढ्या सुरुंगरोधक गाड्या दिसतात, त्यातल्या बहुतेकींच्या रचनेत कॅस्पिरची सावली आहे. जाता जाता हेही सांगायला हवं, की याच कॅस्पिर कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये आंदोलनं चिरडायला फिरायच्या. तिथल्या एका पिढीला ही गाडी बघून सुरक्षित अजिबात वाटायचं नाही.

भारताने १९९० च्या दशकाच्या शेवटी काश्मीरसाठी कॅस्पिर आणल्या. पुढे मेडक आणि जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत ‘आदित्य’ नावाची देशी एमपीव्ही तयार होऊ लागली आणि ती नक्षलग्रस्त भागात पोहोचली.

तळ ‘व्ही’ आकाराचा का असतो?

अनेकांना वाटतं की जाड पोलाद लावलं की झालं. पण सुरुंगाशी लढताना जाडीपेक्षा आकार जास्त कामाला येतो.

जमिनीत पुरलेला स्फोटक फुटला की आजूबाजूची माती त्याला बाजूला पसरू देत नाही. सगळी ताकद वर फेकली जाते. वर सपाट तळाची गाडी असेल तर तो झटका पूर्णपणे झेलला जातो, तळ आत वाकतो किंवा फाटतो. तोच तळ होडीसारखा निमुळता केला, की वायू आणि माती दोन्ही बाजूंनी निसटून जातात. पावसात सपाट पत्रा आणि उतरतं छप्पर यांत जो फरक पडतो, तसंच काहीसं.

दुसरी गोष्ट म्हणजे उंची. स्फोटापासून जसजसं लांब जाल तशी त्याची ताकद झपाट्याने कमी होते. म्हणून या गाड्या बेढब उंच असतात.

तिसरी गोष्ट फोटोत दिसत नाही आणि तिच्यावर फार कुणी बोलतही नाही. ती म्हणजे सीट. तळ फाटला नाही तरी तो क्षणार्धात वर उसळतो. माणसाचे पाय जमिनीला टेकलेले असतील तर टाचा आणि नडग्यांचा चुरा होतो, सीट जमिनीला बोल्ट केलेली असेल तर झटका थेट मणक्यात जातो. त्यामुळे चांगल्या एमपीव्हीत सीट छताला किंवा बाजूच्या भिंतीला लटकवलेली असते, पाय ठेवायला वेगळी पट्टी असते आणि चार-पाच ठिकाणी बांधणारा सीटबेल्ट असतो. तो न बांधलेला माणूस स्फोटात छतावर आपटतो. आत मोकळी ठेवलेली पाण्याची बाटली, दारूगोळ्याची पेटी, जॅक, सगळं उडून अंगावर येतं.

चाकं आणि ॲक्सल मात्र मुद्दाम तुटून उडावीत अशीच जोडलेली असतात. स्फोटानंतरच्या फोटोत चाकं पन्नास फुटांवर पडलेली दिसली तर गाडी ‘फेल’ झाली असं समजू नका. माणसांची पेटी शाबूत आहे का, ते बघायचं.

२१ किलो, १४ किलो आणि अर्धा क्विंटल

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रत्येक चिलखती गाडीला एक मर्यादा असते आणि ती किलोमध्ये लिहिलेली असते.

कॅस्पिर ही चाकाखाली २१ किलो टीएनटी आणि पोटाखाली १४ किलो टीएनटी सहन करेल अशी बनवली होती. चाकाखाली आकडा मोठा का? कारण तो स्फोट पेटीपासून लांब होतो आणि चाकच बराच मार खातं. हे आकडे आले कुठून, तर सोव्हिएत बनावटीच्या टीएम-५७ या रणगाडाविरोधी सुरुंगात सुमारे साडेसहा-सात किलो स्फोटक असायचं. तीन सुरुंग चाकाखाली, दोन पोटाखाली, असा हिशोब. नाटो देशांचं ‘स्टॅनॅग ४५६९’ नावाचं प्रमाणपत्र आहे, त्यातही सुरुंगाच्या वरच्या पातळीसाठी १० किलोचा स्फोटक धरतात.

म्हणजे ही सगळी गणितं कारखान्यात बनलेल्या, ठरलेल्या वजनाच्या सुरुंगाला समोर ठेवून मांडलेली आहेत. बस्तर किंवा झारखंडच्या जंगलात सुरुंग कारखान्यातून येत नाही, तो जागेवर जुळवला जातो. त्याला वजनाची अट नसते. समोरची गाडी १४ किलो सहन करते हे कळलं की त्यात ४० किलो घातले जातात, ५० घातले जातात.

हे कागदावरचं भय नाही. ३ सप्टेंबर २००५ ला छत्तीसगडमध्ये विजापूर भागात पदेडा गावाजवळ एमपीव्ही उडवण्यात आली, त्यात सीआरपीएफ आणि राज्य पोलिसांचे मिळून २४ जण गेले. जानेवारी २०१२ मध्ये झारखंडच्या गढवा जिल्ह्यात एमपीव्हीच उडवली, १३ पोलीस गेले. १३ मार्च २०१८ ला सुकमा जिल्ह्यात किस्टाराम–पालोडी रस्त्यावर पुन्हा एमपीव्ही, सीआरपीएफचे ९ जवान. सुरक्षा दलांमध्येच या गाडीला ‘चाकांवरची शवपेटी’ म्हटलं जाऊ लागलं ते यामुळे.

मग ही गाडी निरुपयोगी आहे का? तसंही नाही. लहान सुरुंग, गोळीबार, हातबॉम्ब यातून तिने लोकांना वाचवलंय. पण वाचलेल्यांची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

जवान पायी का चालतात?

नक्षलग्रस्त भागात काम केलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारलं तर पहिला नियम एकच सांगतात, शक्य तिथे गाडी टाळा. त्यांच्या कामाच्या पद्धतीतच लिहिलंय की जंगलात जायचं ते पायी, रस्ता सोडून, आणि ज्या वाटेने गेलो त्या वाटेने परतायचं नाही.

कारण गाडी कितीही दणकट असली तरी तिला रस्ता लागतो. गडचिरोलीच्या आतल्या भागात एका गावाला जायला बहुतेक वेळा एकच रस्ता असायचा, त्यावर चार-दोन मोऱ्या आणि पूल. सुरुंग पुरणाऱ्याला संपूर्ण जंगल राखायची गरज नाही, एक मोरी पुरते. त्यात एमपीव्ही दहा-बारा टनांची. तिचा आवाज लांबून येतो, घाटात ती रांगते, पावसाळ्यात चिखलात रुतते आणि छोट्या पुलावर न्यायची तर आधी पूल तपासावा लागतो. वाट सोडून आडवं जायची सोय पायी माणसाला आहे, तिला नाही.

गाडी न्यायचीच असेल तर आधी ‘रोड ओपनिंग’ करतात. एक तुकडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत जाते, मोऱ्या तपासते, ताजी उकरलेली माती शोधते, जमिनीतून जंगलाकडे गेलेली वायर शोधते. कुत्रे आणि डिटेक्टर सोबत असतात. हे काम संथ आणि कंटाळवाणं आहे, आणि घाई झाली की सगळ्यात आधी तेच गाळलं जातं. म्हणूनच घाई करायला लावणं हा सापळ्याचा जुना प्रकार आहे. आधी कुठेतरी जाळपोळ किंवा छोटा हल्ला करायचा आणि मदतीला येणाऱ्या गाडीची रस्त्यात वाट बघायची. जांभुळखेड्याची घटना पुन्हा वाचा, क्रम हाच आहे.

२६ एप्रिल २०२३ ला दंतेवाड्यात अरनपूरला १० जवान आणि चालक, ६ जानेवारी २०२५ ला विजापूरच्या कुटरूजवळ ८ जवान आणि चालक. दोन्ही वेळा पथकं मोहिमेवरून परत येत होती आणि दोन्ही वेळा गाड्या साध्या होत्या. मोहीम फत्ते झाल्यावर दमलेली माणसं गाडी मागवतात, हे अगदी माणसासारखं वागणं आहे. समोरच्याला तेही ठाऊक असतं.

आता परिस्थिती बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती उर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शस्त्रं ठेवली. पण वर्षानुवर्षं जमिनीत पुरलेली स्फोटकं कुणाच्या आदेशाने शरण येत नाहीत. ती एकेक करून शोधूनच काढावी लागतात.

अमेरिकेने पैसा ओतला, मग काय झालं?

हीच शिकवणी अमेरिकेने इराकमध्ये घेतली, फक्त फी फार मोठी भरली. २००३ मध्ये इराकमध्ये उतरलेल्या ‘हमवी’ सपाट तळाच्या आणि जमिनीला लागून होत्या. रस्त्याकडेच्या बॉम्बमध्ये सैनिक मरू लागले. सैनिक भंगारातला पत्रा शोधून गाड्यांना ठोकत होते. शेवटी २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ‘एमरॅप’ म्हणजे व्ही तळाच्या सुरुंगरोधक गाड्यांच्या खरेदीला सर्वोच्च प्राधान्य दिलं. सुमारे २७ हजार गाड्या बनल्या, ४० अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला.

जीव वाचले, यात शंका नाही. पण नवे त्रास उभे राहिले. उंच आणि जड असल्याने गाड्या कालव्याच्या कच्च्या काठावरून कलंडायच्या. उलटून पाण्यात पडल्याने सैनिक बुडाले. शहरांत लोंबणाऱ्या विजेच्या तारा छतावरच्या अँटेनाला लागायच्या. अफगाणिस्तानच्या डोंगरी वाटांवर तर त्या चालेनातच, म्हणून २००९ मध्ये ‘एम-एटीव्ही’ ही हलकी आवृत्ती मागवावी लागली. युद्ध संपल्यावर उरलेल्या अनेक गाड्या अमेरिकेतल्याच गावोगावच्या पोलिसांना वाटल्या आणि शाळा, किराणा दुकानांच्या रस्त्यावर एमरॅप कशाला हवी, असा वाद तिथे पेटला.

पत्रकार आणि यूएनवाल्यांची पांढरी लँड क्रूझर

युद्धाच्या बातम्यांत दिसणारी पांढरी लँड क्रूझर हा मात्र वेगळा प्राणी आहे. बाहेरून ती शोरूममधल्यासारखीच दिसते. आत पोलादाच्या पट्ट्या, दोन्ही दारांच्या फटीवर झाकण, बॅटरी आणि पेट्रोलच्या टाकीभोवती कवच, हवा गेली तरी काही किलोमीटर पळणारे रनफ्लॅट टायर. मूळची अडीच टनांची गाडी यामुळे साडेचार-पाच टनांच्या घरात जाते. म्हणून ब्रेक, स्प्रिंग, दारांच्या बिजागऱ्या, सगळं बदलावं लागतं. जे ‘स्वस्तात बुलेटप्रूफ’ करून देतात ते बहुतेक वेळा हेच गाळतात.

या गाड्यांना दर्जा असतो. युरोपीय पद्धतीत ‘बी-४’ म्हणजे पिस्तुलाच्या गोळीपर्यंत, ‘बी-६’ म्हणजे एके-४७ सारख्या रायफलपर्यंत, आणि ‘बी-७’ म्हणजे चिलखत भेदणाऱ्या रायफलच्या गोळीपर्यंत. बी-६ ची काच चार सेंटिमीटरच्या आसपास जाड असते, बाहेर काचेचे थर आणि आत पॉलिकार्बोनेटचा, जेणेकरून तुकडे आतल्यांच्या डोळ्यांत जाऊ नयेत. वाळवंटाच्या उन्हात काही वर्षांनी हे थर सुटतात आणि काच दुधाळ होते. अशी काच बदलायलाच हवी. सेकंडहँड गाडी घेताना लोक इंजिन ऐकतात, काचेकडे बघत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बी-६ म्हणजे ‘एकेच्या गोळ्या कितीही मारा’ असं नव्हे. एकाच जागी पुन्हा पुन्हा गोळ्या लागल्या की कुठलीही काच हरते. ही गाडी तुम्हाला काही सेकंद देते, तिथून निघून जाण्यासाठी. म्हणून चालकाचं प्रशिक्षण चिलखताइतकंच महत्त्वाचं असतं. दुप्पट जड गाडीचा ब्रेक उशिरा लागतो, वळणावर ती सहज कलंडते, आणि एका कुशीवर पडली तर वरचं दार माणसाच्या वजनापेक्षा जड असतं. आतून ते उघडायचा सराव केला नसेल तर चिलखतच कोंडवाडा बनतं. दोन गाड्यांनी जाणं, मध्ये अंतर ठेवणं, टाकी कधीही अर्ध्याखाली न जाऊ देणं, गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावणं, रक्तस्राव थांबवायचा पट्टा हाताशी ठेवणं, हे नियम त्यासाठीच.

गाडी दारात असून उपयोग नसतो, याचं आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. गायक सिद्धू मूसेवालाकडे बुलेटप्रूफ गाडी होती. २९ मे २०२२ ला तो थार घेऊन निघाला. आणि पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग १९९५ मध्ये बुलेटप्रूफ गाडीत बसत असतानाच मानवी बॉम्बचा स्फोट झाला. जिथे माणूस गाडीत चढतो-उतरतो, ती जागा सर्वात उघडी.

मदत संस्थांपुढे तर वेगळाच पेच आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्था सहसा चिलखती गाड्या टाळतात. त्यांचं म्हणणं, आम्ही सैनिकांसारखे दिसलो तर लोक आम्हाला सैनिकच समजतील. आमचं संरक्षण म्हणजे दोन्ही बाजूंना आमची ओळख पटणं. हा युक्तिवाद पटतो, पण तो समोरचा नियम पाळेल या भरवशावर उभा आहे. १ एप्रिल २०२४ ला गाझात वर्ल्ड सेंट्रल किचनच्या ताफ्यावर इस्रायली ड्रोनमधून क्षेपणास्त्रं डागली गेली, सात कर्मचारी ठार झाले. ताफ्यात दोन चिलखती गाड्या होत्या आणि संस्थेचं चिन्हही होतं. रायफलच्या गोळीसाठी बनवलेलं कवच क्षेपणास्त्रापुढे टिकण्याचा प्रश्नच नव्हता.

पुण्याची एम-फोर आणि वरून येणारा धोका

आपल्याकडेही पिढी बदलते आहे. पुण्याच्या भारत फोर्जला फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराकडून ‘कल्याणी एम-फोर’साठी १७७.९५ कोटींची ऑर्डर मिळाली. तंत्रज्ञान दक्षिण आफ्रिकेच्या पॅरामाउंट कंपनीचं, म्हणजे नातं पुन्हा तिथेच जातं. सुमारे १६ टनांची ही गाडी बाजूने होणारा ५० किलोचा स्फोट सहन करते असा कंपनीचा दावा आहे. ‘बाजूने’ हा शब्द नीट वाचा. पोटाखालच्या स्फोटाचा आकडा वेगळा आणि लहान असतो. अशा जाहिरातीतले आकडे शेअर करताना स्फोट कुठे धरलाय, हे बघायची सवय लावा. तिकडे अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने टाटांबरोबर ‘व्हॅप’ ही आठ चाकी चिलखती गाडी तयार केली, ती आता मोरोक्कोतही बनते.

पण या सगळ्या गाड्यांची मूळ कल्पना एकच आहे, धोका खालून किंवा बाजूने येणार. युक्रेनमध्ये तो वरून येतो. साधारण मोबाइलच्या किमतीच्या एफपीव्ही ड्रोनला स्फोटक बांधून चालवणारा चष्म्यातून बघत तो नेमका छतावर, इंजिनवर किंवा मागच्या दारावर नेतो. छत हा या गाड्यांचा सर्वात पातळ भाग. अमेरिकेने दिलेल्या मॅक्सप्रो एमरॅप आणि तुर्कस्तानच्या किर्पी अशाच जळाल्या.

त्यावर गाड्यांना लोखंडी पिंजरे बसले, रेडिओ जॅमर बसले. जॅमरला चकवायला बारीक फायबरच्या तारेने चालणारे ड्रोन आले. मग युक्रेनने गाड्यांऐवजी रस्तेच झाकायला घेतले. खेरसन आणि डॉनबासकडच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना खांब रोवून वरून जाळी ताणली आहे, कित्येक किलोमीटर लांब बोगद्यासारखी. ड्रोनचे पंखे त्यात अडकतात. यातली काही जाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या मच्छिमारांची आहेत, मासेमारीतून निवृत्त झालेली. आता त्यांच्याखालून रुग्णवाहिका जातात.